आधी दारू सोडू दे, मग डोक्याचं बघू

हे वाक्य आमच्याकडे नातेवाईक, शेजारी, गावाकडचे काका सगळ्यांनी म्हणून झालंय. माझा मामेभाऊ, आम्ही दादा म्हणतो, त्याला बायपोलर आहे (मूड कधी खूप चढतो, कधी पार खाली जातो असा मानसिक आजार) आणि दारूचं व्यसनही. रात्र रात्र झोप नाही, बोलणं थांबत नाही, मित्राशी जमिनीचा व्यवहार ठरवून टाकला, आणि हे सगळं 'पिऊन बरळतोय' या खात्यात गेलं. मग महिनोन्‌महिने अंथरुणातून उठायचा नाही, ते 'आळशी झालाय' या खात्यात.

पहिल्या व्यसनमुक्ती केंद्रात त्याची लिथियमची गोळीच बंद केली, कारण काय तर गोळी पण नशाच! अहो, लिथियमने नशा चढत नाही, मूड सावरतो, आणि ते असं एकदम बंद केलं की मेनिया, म्हणजे तो झोप उडवणारा चढलेला मूड, उसळून परत येतो, तसा आलाच. बाहेर आल्यावर पुन्हा पिणं सुरू, आणि खापर त्याच्या 'इच्छाशक्ती'वर.

डॉक्टरांच्या बाजूनेही एक खरी अडचण आहे ते मान्य. दारूनेच डिप्रेशनसारखं होतं, दारू बंद केल्यावर विथड्रॉवलमध्ये भास होतात, त्यामुळे मूळ आजार कुठला हे कळायला बरेचदा दोन ते चार आठवडे न पिता जावे लागतात. पण निदान पक्कं व्हायला थांबणं वेगळं आणि आधीपासून माहीत असलेल्या आजाराचे उपचार थांबवणं वेगळं, दादाचं निदान तर फाईलवर लिहिलेलं होतं ना.

गंमत म्हणजे पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 साली सुरू झालं ते येरवड्याच्या मेंटल हॉस्पिटलच्या आवारातच, आणि सुरू करणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः सायकियाट्रिस्ट. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही दारू-ड्रग्जमुळे होणारा त्रास मानसिक आजाराच्या व्याख्येतच बसवलाय. तरी आपल्या डोक्यात एक 'वाईट सवय' आणि दुसरं 'वेड', ही दोन दारं अजून वेगळीच. (एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हा दारू सोडणाऱ्यांचा गट, ते वाले पण गोळ्या बंद करायला सांगत नाहीत हां, त्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट आहे की कुणी सदस्याने डॉक्टरकी करू नये.)

आता दादाची एकच सायकियाट्रिस्ट दोन्ही बघते. लिथियमची लेव्हल रक्तातून तपासतात, पिऊन उलट्या झाल्या अंगातलं पाणी कमी झालं की ती लेव्हल धोकादायक वाढू शकते हे तिनेच मामीला बसवून सांगितलं, आणि स्लिप झाली, म्हणजे परत प्यायलास, तर लपवू नकोस, आधी मला फोन कर, हे दादाला. मध्ये एकदा झालीच स्लिप. त्याने फोन केला. मामी अजून रोज रात्री त्याची झोप बघते, बाटली शोधत नाही, कारण त्याची झोप उडाली की पुढचं सगळं येतं.

केंद्र शोधत असाल तर फोनवरच विचारा, सायकियाट्रिस्ट किती वेळा येतात आणि चालू गोळ्या चालू ठेवता का. दुसऱ्या प्रश्नाला 'ते इथे आलं की बघू' असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, मराठीत बोलतात.