गाडीचं दार आतूनही उघडेना, बाहेरूनही उघडेना

मागचं डावं दार जाम झालं तर बरेच लोक चालतंय की म्हणत महिनोन्महिने तशीच गाडी पळवतात, मला ते अजिबात पटत नाही. डावी बाजू म्हणजे फुटपाथची बाजू, ते दार बंद म्हणजे घरातलं म्हातारं माणूस उजवीकडून भर ट्रॅफिकमध्ये उतरणार. आमच्या आईचे गुडघे दुखतात, ती सीटवरून सरकत सरकत पलीकडे जायची ते बघवत नव्हतं. आणि देव न करो पण गाडीला काही झालं तर बाहेर पडायची एक वाट आधीच बंद.

आमचं झालं असं की बाहेरचं हँडल एकदम सैल पडलं, ओढलं की नुसतं हातात येतंय, आत काही हलल्यासारखं वाटतच नाही. आतलं हँडल चालणार नव्हतंच कारण भाचा मागे बसतो म्हणून चाइल्ड लॉक लावलेलं, आणि चाइल्ड लॉकची ती बारकी कळ असते दाराच्या कडेला, म्हणजे दार उघडल्याशिवाय तिला हात लागत नाही. लॅच, म्हणजे दार बंद धरून ठेवणारा आतला खटका, त्याचे स्क्रूसुद्धा त्याच कडेला. म्हणून बंद अवस्थेत अडकलेलं दार हे सगळ्यात किचकट काम.

पण आधी हँडलवरूनच बराच अंदाज येतो. सैल लागलं तर हँडलला लॅचशी जोडणारी आतली सळई किंवा तिची प्लास्टिकची क्लिप गेली. हँडलला नेहमीसारखा जोर लागतोय, पण दार सुटत नाही, तर लॅच गंजलाय किंवा ग्रीस सुकून घट्ट झालाय. आणि रिमोट दाबल्यावर बाकीच्या दारांचा टक् आवाज येतो आणि याचाच येत नाही, तर सेंट्रल लॉकची मोटर बघायची. मोटर किंवा लॅचची शंका असेल तर काही खोलायच्या आधी एकाने लॉकच्या जवळ तळहाताने दार आत दाबून धरायचं आणि दुसऱ्याने रिमोट दाबत हँडल ओढायचं, लॅचवरचा ताण कमी होतो आणि पुष्कळदा तेवढ्यावरच दार सुटतं. पहार किंवा टॉमी घालून उचकटायला मात्र कुणालाही देऊ नका, फ्रेम वाकली की मग आयुष्यभर वारा आणि पाणी आत.

आमच्याकडे दाबून काही होणार नव्हतं, डोअर पॅडच, म्हणजे दाराचं आतल्या बाजूचं आवरण, काढावा लागला. काच पूर्ण वर करून ठेवली, म्हणजे आत हात घालायला जागा राहते. साइड एअरबॅगची गाडी असेल तर बॅटरीचा निगेटिव्ह काढूनच सुरुवात करा, काही गाड्यांत दारात सेन्सर असतो. पॅडचे स्क्रू लपलेले असतात, एक आतल्या हँडलच्या वाटीत, एखाद-दोन आर्मरेस्टखाली, बाकी सगळा पॅड क्लिपांवर. दार बंद असल्याने कडेला बोटं जात नाहीत म्हणून आधी चौकटीचं रबरी बीडिंग ओढून बाजूला केलं, मग खालच्या कोपऱ्यापासून हळूहळू एकेक क्लिप सोडवली. पॅडमागे प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट गमने लावलेला असतो, तो फाडू नका, पावसाचं पाणी आत यायचं थांबवतो तो. हातात ग्लोव्हज हवेतच, आतला पत्रा ब्लेडसारखा धारदार असतो.

टॉर्च मारला तर सळई लोंबकळतेय आणि क्लिपचा तुकडा खाली पडलेला. लांब स्क्रू ड्रायव्हरने सळई जिला ओढते ती लॅचची छोटी पट्टी खाली दाबली आणि खट् करून दार उघडलं, आईने वरून गॅलरीतून विचारलं झालं का रे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दार उघडलं की आनंदाने धाडकन लावू नका!! नवी क्लिप बसवल्यावर दार उघडं ठेवूनच लॅचमधला पंजा स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद करायचा, दोनदा खटका ऐकू येतो, मग हँडल ओढून तो सुटतोय का बघायचं. हे बाहेरून, आतून, रिमोटने, चाइल्ड लॉक काढून आणि लावून, सगळं तपासायचं (चाइल्ड लॉक लावल्यावर आतून सुटणार नाही, ते बरोबरच). पंजा सुटला नाही तर दार लावायचंच नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

लॅच आधी क्लीनर स्प्रेने धुवून मग पांढरं लिथियम ग्रीस लावलं. नुसता डब्ल्यूडी-४० मारून सोडून देतात तो काही दिवसांत उडून जातो, कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत तर त्याचा काहीच भरवसा नाही. शिवाय दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात ती तारेने मोकळी करून घ्या, काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत जातंच आणि तिथूनच बाहेर पडतं, भोकं चिखलाने बुजली की पाणी आतच साचतं आणि पत्रा खालून सडत जातो. आमच्या चारपैकी दोन दारांची पूर्ण बंद होती.