वेतोबाच्या वहाणांचं माप

2019 च्या एप्रिलमध्ये भारतीय सैन्याने नेपाळातल्या मकालू शिखराच्या बेस कॅम्पजवळ बर्फात उमटलेल्या पावलांचे फोटो ट्विटरवर टाकले आणि ही पावलं हिममानवाची असावीत, असंही लिहून टाकलं. माप 32 इंच बाय 15 इंच. देशभर यथेच्छ टिंगल झाली. आमच्या घरी, गोव्यातल्या पेडण्यात मात्र आजीने चष्मा लावून फोटो नीट पाहिला आणि विचारलं, "एवढ्या पायाला वहाणा कोण रे शिवतं?"

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, शिरोड्याजवळच्या आरवलीत वेतोबा या ग्रामदेवाला नवसाच्या वहाणा वाहतात. एकेक वहाण अशी की लहान मूल आत मांडी घालून बसेल. जाडजूड चामडं, वर रुंद पट्टा, शिवण दोरखंडासारखी ठसठशीत. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. लोक वहाण उलटी करून तळवा बघतात, मान डोलावतात आणि केळ्यांचा घड ठेवून बाहेर पडतात. रात्री दबा धरून वेतोबाचा फोटो काढावा, असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. गोव्यातल्या देवचाराचंही तेच. कांबळं पांघरून, हातात काठी घेऊन तो शीव राखतो, चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो. त्याला रोट द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, "व्हय म्हाराजा" म्हणायचं आणि मागे वळून न बघता घरी यायचं. आमच्या ऑफिसात हिममानवावर सगळ्यात मोठ्याने हसलेले गृहस्थ दरवर्षी न चुकता आरवलीला जातात. त्यांना छेडलं तर म्हणतात, "तो विषय वेगळा."

मला स्वतःला दोन्हीकडचा नाद आहे. स्कॉटलंडच्या लॉख नेस सरोवरात राहते म्हणतात त्या अजस्र प्राण्यावर, म्हणजे नेसीवर, काही सापडलं की जेवण निवलं तरी चालतं. 1934 साली छापून आलेला तो लांब मानेचा प्रसिद्ध फोटो कसा तयार झाला, हे 1994 मध्ये उघड झालं: खेळण्यातली पाणबुडी आणि तिच्यावर बसवलेली नकली मान! साठ वर्षं जगाला झुलवलं एका खेळण्याने. एखाद्याने तिथेच गाशा गुंडाळला असता. पण नाही. 2018 मध्ये न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी सरोवराच्या पाण्याचे नमुने घेतले आणि त्यात कुणाकुणाचा डीएनए आहे ते शोधलं. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही, वामसदृश ईल माशाचा मात्र भरपूर. हे आईला सांगितलं तेव्हा ती बाजारातून आणलेली मासळी निवडत होती. "एवढा खटाटोप करून शेवटी वामच ना?" तिचा चेहरा असा की कुणी तिला भाव चढा लावून फसवलंय.

आणि तरी नेसी संपली नाही. खोल, काळपट पाणी, दोनशेहून जास्त मीटर. तिथे 'नाही' हे सिद्ध करणं महाकठीण, आणि आमच्यासारख्यांना तेवढी फट पुरते. शिवाय मधूनच निसर्ग चिथावणी देतो. डायनासोरांबरोबरच नामशेष झाला असं धरलेला सीलाकांथ मासा 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेत चक्क जाळ्यात आला. एवढ्या एका माशावर हिममानवाचे भक्त अजून शंभर वर्षं काढतील.

आपल्याकडेही असा एक 'आहे की नाही' होता. सत्तरी तालुक्यातल्या रानात वाघ आहे, की कर्नाटकातून नुसता ये-जा करतो, यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद चालला. गावागावांतून वाघ्रो देवाचे दगड उभे, त्यांना गाऱ्हाणी चालू, म्हातारे शपथेवर सांगणार. पण शहरातल्या माणसाला पुरावा हवा असतो. मग म्हादईच्या अभयारण्यात कॅमेरे लागले आणि त्यांत वाघाचे फोटो आले. हिममानवाचं बहुधा अस्वल झालं, नेसीची वाम झाली. इथे वाघाचा वाघच निघाला. मी पेपरातला फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता.

2020 च्या जानेवारीत सत्तरीतल्याच गोळावलीत चार वाघ मेलेले सापडले, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे. गुरं मारली म्हणून विष घातल्याचं तपासात पुढे आलं. ज्याच्या गोठ्यातलं जनावर जातं त्याचा राग मला कळतो. त्याला भरपाईच्या कागदांमागे धावावं लागतं, तेही कळतं. पण त्या दिवशीचे फोटो फार स्वच्छ होते. अंगावरचा पट्टा न पट्टा मोजता येत होता. नेसीचे फोटो नेहमी धूसरच का येतात, ही तक्रार मी तेव्हापासून करत नाही.