तुम्ही विचारलंत म्हणून: जीपचे शॉकअप का नाही टाकत?

"काका, एवढी शाही गाडी, मग मागच्या सीटवर माणूस उसळतो कसा? जीपचे शॉकअप टाका आणि मोकळे व्हा!" जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मला हे इतके जण सांगतात की हल्ली मी नुसता हसतो. आज एकदाचं उत्तर देतो.

शॉकअप उसळी आवरतो, उसळीचं कारण काढत नाही. १९३०च्या सुमाराच्या लिमोझिनचं इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे आणि मानाची सीट जवळजवळ मागच्या अ‍ॅक्सलवर. पुढचे पाटे (म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा) कडक, मागचे मऊ. गचका आधी पुढे बसतो. पुढचा भाग झटपट वरखाली होतो, मागचा उशिरा आणि संथ झुलतो. थोड्याच वेळात एक वर, दुसरा खाली. त्याचा सगळा हिसका मागे बसणाऱ्याला.

त्या काळच्या एका अमेरिकन लिमोझिनचं काम माझ्याकडे होतं. पाटे सोडवून गंज काढला, ग्राफाइटचं ग्रीस भरलं, बुश बदलले, मूळचे तेलाचे शॉकअप खोलून बसवले. मालक म्हणत होते, नवे टाका. मी नाही म्हटलं. गाडी नेली त्या दिवशी त्यांच्या आई हौसेनं मागे बसल्या. वेग काही नव्हता. एक स्पीडब्रेकर, पुढची चाकं गेली, मागची आली, आणि आईसाहेब सीटवरून सुटून परत आदळल्या. कंबर धरली ती आठवडे सुटली नाही. मालक माझ्या पोरांसमोर बोलले, "तुमची मूळ-मूळची हौस आमच्या आईच्या कंबरेवर." मी उत्तर दिलं नाही. काम चोख होतं, हे तेव्हा म्हणणार कसं? आजही म्हणतो, चोखच होतं.

त्यांनी दुसरीकडे जीपचे शॉकअप बसवून घेतले. आता गाडी डुलत नाही, बारीक खडीवरही दात वाजतात. आई तिच्यात बसत नाहीत. मालक खूश आहेत.

मूळ तेच खरं, असं मी तरुणपणी छाती ठोकून सांगायचो. पण मूळच फसलेलं असेल तर? रोल्स-रॉइसमधून १९३०मध्ये कॅडिलॅक या अमेरिकन कंपनीकडे गेलेल्या इंजिनिअर मॉरिस ऑली यांनी एका मोठ्या गाडीवर वजनं पुढेमागे सरकवत, आत बसणाऱ्यांना कसं वाटतं ते ताडून पाहिलं. निघालं उलटंच: पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. मग मागचा झोका पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट चालते.

म्हणजे मी पुढचे दोन पाटे काढावेत? दोन्ही चाकं जोडणाऱ्या अखंड अ‍ॅक्सलला मऊ पाटे दिले की चाकं थडथडतात, स्टिअरिंग हातात ठरत नाही. म्हणून तर १९३४च्या कॅडिलॅकला पुढची चाकं एकमेकांपासून सुटी, कॉइल स्प्रिंगवर दिली. तसं मी इथे केलं, तर ती १९३०ची गाडी राहील का? नाही केलं, तर ज्या बनवणाऱ्यांनी चारच वर्षांत ती रचना मोडीत काढली, त्यांच्यापेक्षा मी जास्त कट्टर झालो. दोन्ही बाजूंनी मी रात्री भांडून पाहिलंय, जिंकत कुणीच नाही.

तोवर एक फुकटचा उपाय सांगतो. ड्रायव्हरच्या शेजारी बसा. ती जागा दोन अ‍ॅक्सलच्या मधोमध येते, तिथे डुलणं सर्वांत कमी. गाडीमालकांना हे सांगून बघा, काय चेहरे होतात ते.