खुलताबाद: औलियांच्या गावात जाणाऱ्यांसाठी

खुलताबादला बहुतेक लोक वेरूळहून परतताना वाट वाकडी करून येतात, औरंगजेबाची कबर बघतात आणि दहा मिनिटांत पुन्हा गाडीत बसतात. ज्या दर्ग्याच्या आवारात ती कबर आहे, तिथे डोकावतसुद्धा नाहीत. आमच्या ड्रायव्हरनेही तेवढ्याच हिशोबाने गाडी बाहेर उभी केली होती. माझं सांगणं एवढंच, की हा क्रम उलटा करा. औरंगजेब इथे मेला नाही. 3 मार्च 1707 रोजी तो तेव्हाच्या अहमदनगरजवळ भिंगारला वारला. तिथून त्याला एवढ्या लांब आणून पुरलं ते त्याच्याच इच्छेने, कारण त्याला शेख जैनुद्दीन शिराझी यांच्या सान्निध्यात जागा हवी होती. बादशहा ज्यांच्यासाठी इथे आला, त्यांची ओळख आधी करून घ्यायला हवी.

मी आणि आई हिवाळ्यात गेलो होतो. छत्रपती संभाजीनगरहून खुलताबाद पंचवीसेक किलोमीटर आहे. मध्यवर्ती बसस्थानकातून एसटी मिळते, काळीपिवळी जीपही मिळते. रस्ता देवगिरीच्या पायथ्याला जुन्या तटबंदीच्या दरवाज्यातून जातो. तिथे एका वेळी एकच मोठी गाडी निघते, त्यामुळे शनिवारी-रविवारी चांगलीच कोंडी होते. त्यापुढे घाट चढला की हवा बदलते. सकाळी आठच्या आत निघालात तर दरवाज्याचा त्रासही टळतो आणि दर्ग्यातही शांतता मिळते.

देवगिरीला थांबणार असाल तर किल्ल्याच्या पायथ्याशी चांद बोधले यांची कबर आहे, ती चुकवू नका. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच किल्ल्यावर होते आणि चांद बोधले हे जनार्दनस्वामींचे गुरू, असं एकनाथांच्या परंपरेत मानतात. खुलताबाद समजून घ्यायची सुरुवात तिथूनच करावी, असं मला वाटतं.

आता गावाबद्दल. त्याचं जुनं नाव रौजा. औरंगजेबाला मृत्यूनंतर 'खुल्द-मकान', म्हणजे स्वर्गवासी, म्हणू लागले, त्यावरून खुलताबाद झालं. पण गाव त्याच्याआधी चारशे वर्षं औलियांचं, म्हणजे सूफी संतांचं, होतं. हजरत मुंतजिबुद्दीन, ज्यांना लोक जर जरी जर बक्ष म्हणतात, हे दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांच्या चिश्ती या सूफी परंपरेतले. त्यांच्याबरोबर सातशे साधुपुरुष दक्षिणेत आले, अशी कथा इथे सगळे सांगतात. 1309 च्या सुमारास ते वारले. पुढे 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली. दिल्लीतले विद्वान, कवी, फकीर या डोंगराळ मुलखात उतरले, त्यात मुंतजिबुद्दीन यांचे भाऊ बुऱ्हानुद्दीन गरीब होते. ते निजामुद्दीन औलियांचे थेट शिष्य. तुघलकाची राजधानी काही वर्षांत परत दिल्लीला गेली, पण बुऱ्हानुद्दीन इथेच राहिले आणि 1337 मध्ये इथेच वारले. तापीकाठचं बुऱ्हाणपूर त्यांच्याच नावाने वसलं आहे. खानदेशच्या फारुकी सुलतानाने नदीच्या एका काठाला त्यांचं नाव दिलं आणि समोरच्या काठाला जैनुद्दीन यांच्या नावाने जैनाबाद वसवलं.

बुऱ्हानुद्दीन यांना 'समा', म्हणजे भक्तिसंगीताची बैठक, अतिशय प्रिय होती. संगीत ऐकताना ते भान हरपून नाचत आणि त्यांच्या शिष्यांच्या त्या नाचाला 'बुऱ्हानी' असं नावच पडलं होतं. जैनुद्दीन हे शिराझहून आलेले मोठे पंडित. या गाण्याबजावण्यावर त्यांचा आक्षेप होता. जाब विचारायला म्हणून ते आले आणि शिष्य होऊन राहिले, असं परंपरा सांगते. बुऱ्हानुद्दीन यांनी शेवटी आपली गादी त्यांनाच दिली.

जैनुद्दीन यांची एक हकिकत फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे आणि तिथे उभं राहून ती आठवावी अशीच आहे. बहमनी सुलतान मुहम्मदशहा याच्याविरुद्ध दौलताबादेत बंड झालं. ते मोडल्यावर सुलतानाने शेखांना दरबारात बोलावलं. दारू पिणाऱ्या राजापुढे आपण झुकणार नाही, म्हणून शेख गेले नाहीत. शहर सोडून जा असा हुकूम आला, तेव्हा त्यांनी आपलं नमाजाचं आसन उचललं, गुरूच्या कबरीपाशी येऊन अंथरलं आणि 'आता मला इथून कोण उठवतो बघू' म्हणून बसले. सुलतानच नमला. त्याने राज्यातले दारूचे गुत्ते बंद केले, तेव्हा शेखांनी त्याला मित्र म्हटलं. ज्या कबरीपाशी ते बसले, ती आजही त्यांच्या दर्ग्यासमोर, रस्त्यापलीकडे आहे. मधल्या अरुंद रस्त्यावर फुलांची आणि चादरींची दुकानं आहेत.

आम्ही आधी बुऱ्हानुद्दीन यांच्याकडे गेलो. आत आल्यावर मोठं फरसबंदी आवार आणि नगारखाना दिसतो. कबरीच्या दालनाच्या दारांवर चांदीचे पत्रे आहेत आणि त्यांवर झाडं-फुलं काढलेली आहेत. शेखांच्या मागे शिष्यांकडे दर्ग्याच्या देखभालीला पैसा उरला नाही, तेव्हा फरशीतून चांदीची झाडं उगवली, ती तोडून विकली आणि खर्च भागला, अशी इथली आख्यायिका आहे. मुजावर, म्हणजे दर्ग्याचे सेवेकरी, ती जागा आवर्जून दाखवतात. याच आवारात हैदराबादच्या निजाम घराण्याचा संस्थापक पहिला असफजाह आहे, जो 1748 मध्ये बुऱ्हाणपूरला वारला, आणि त्याचा मुलगा नासिरजंगही आहे. उंबरठा उंच आहे. आईचा गुडघा दुखत होता, तेव्हा दाराशी बसलेले वृद्ध मुजावर "अम्मा, आहिस्ता" म्हणत स्वतः उठून उभे राहिले.

रिवाज आधी माहीत असले तर अवघडल्यासारखं होत नाही. डोकं झाकायचं, पुरुषांनी रुमाल किंवा टोपी, बायकांनी पदर किंवा ओढणी. चपला बाहेरच, आणि उन्हाळ्यात फरशी पोळते म्हणून पायमोजे जवळ असू द्या. फुलं आणि चादर बाहेरच्या दुकानात मिळते. घेतलीच पाहिजे अशी सक्ती नाही, रिकाम्या हाताने गेलं तरी कुणी अडवत नाही. कबरीच्या पायथ्याच्या बाजूने जावं, फुलं वाहावीत, मुजावर फातिहा वाचत असतील तर थांबावं आणि निघताना पाठ न दाखवता मागे सरकत बाहेर यावं. हातावर जो साखरफुटाण्याचा तबर्रुक ठेवतात तो प्रसादच, उजव्या हाताने घ्यावा. बायकांना कबरीच्या अगदी आतल्या दालनात काही ठिकाणी जाऊ देत नाहीत, दाराच्या चौकटीतून दर्शन घ्यावं लागतं. आईला ते खटकलं आणि मलाही. पण दाराशी बसून शांतपणे बघायला मिळतं, तिथून कुणी उठवत नाही. नजराणा ऐच्छिक असतो. आधीच मनाशी रक्कम ठरवा, दानपेटीत टाका, म्हणजे घासाघीस उरत नाही. फोटो काढण्यापूर्वी विचारा, कबरीपाशी काढूच नका.

मराठवाड्यातल्या दर्ग्यांवर नवस बोलणारे सगळ्याच जातिधर्मांचे असतात आणि इथेही तेच दिसलं. आमच्या शेजारी नऊवारीतल्या एक आजी बाळाला शेखांच्या पायाशी टेकवत होत्या आणि सुनेला म्हणत होत्या, "उरसात कंदुरी कबूल केलीय, विसरू नको." कंदुरी म्हणजे नवसाचं जेवण. त्या सासू-सुनेला या जागेबद्दल जे ठाऊक होतं, ते कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही.

समोरचा जैनुद्दीन यांचा दर्गा इथे 'बाईस ख्वाजा' म्हणून ओळखला जातो, कारण चिश्ती परंपरेत ते बाविसावे. 1369 मध्ये ते वारले आणि मागे कुणालाही गादी दिली नाही. भरजरी चादरीखाली कबर आहे आणि वर शहामृगाची अंडी टांगलेली आहेत. पैगंबरांचा पोशाख मानलं जाणारं पैराहन-ए-मुबारक इथे जपून ठेवलेलं आहे. ते फक्त रबी-उल-अव्वलच्या 12 तारखेला, ईद-ए-मिलादला, दर्शनासाठी बाहेर काढतात. समोर बुऱ्हानुद्दीन यांच्याकडे पैगंबरांचा केस, मू-ए-मुबारक, आहे. त्या दिवशी हजारोंची रांग असते, म्हणून वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल तर दुसरा दिवस निवडा. हिजरी पंचांग चांद्र असल्याने उरूस आपल्या कॅलेंडरमध्ये दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा निघण्याआधी तारीख बघून घ्या.

आता औरंगजेब. जैनुद्दीन यांच्याच आवाराच्या एका कोपऱ्यात, आभाळाखाली, छप्पर नसलेली साधी कबर आहे. वर मातीत सब्जा लावतात. स्वतः शिवलेल्या टोप्यांच्या कमाईतून आपलं कफन व्हावं, अशी त्याची इच्छा होती, असं सांगतात. सभोवतालची संगमरवरी जाळी नंतरची, लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून निजामाने बसवलेली. 1689 मध्ये शंभूराजांना ज्याने हालहाल करून मारलं, त्याच्या कबरीसमोर उभं राहताना मराठी माणसाच्या मनात काय येतं ते मला सांगायला नको. मी हात जोडले नाहीत. पण बघितल्याशिवायही गेले नाही, आणि ज्याच्या फौजा पंचवीस वर्षं या मुलखाने झुंजवल्या, तो शेवटी याच मातीत राहिला, हे तिथे उभं राहिल्यावर जास्त नेमकं कळलं. ही कबर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. अलीकडे बंदोबस्त कडक असतो, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा, पिशव्या गाडीत ठेवा आणि तिथे राजकारणाच्या गप्पा नकोत. जवळच त्याचा मुलगा आझमशहा आहे.

खरं सांगायचं तर मला त्याहून मोठी वाटली ती गावाच्या वायव्येची मलिक अंबरची कबर. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला, खडकी वसवली, म्हणजे आजचं संभाजीनगर, आणि 1624 मध्ये भातवडीला मोगल-आदिलशाही फौजांना हरवलं. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. 1626 मध्ये तो वारला. घुमट त्याने हयातीतच बांधून घेतला होता. तिथे आम्ही होतो तेवढा वेळ दुसरं कुणी आलं नाही. जर जरी जर बक्ष यांचा दर्गा तिथून जवळच आहे. त्यात पोलादी आरसा आहे, गोवळकोंड्याच्या तानाशहाने दिलेला, असं म्हणतात. तो शेवटचा कुतुबशहाही याच गावात पुरलेला आहे, आणि निजामुद्दीन औलियांची संभाषणं लिहून ठेवणारा फारसी कवी अमीर हसन सिजझीसुद्धा.

दिवस निवडताना हे बघा: मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, म्हणून दर्ग्यांसाठी तो दिवस बरा, गर्दी कमी. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी जाऊ नका. शनिवारी आणि संपूर्ण श्रावणात भद्रा मारुतीला गर्दी असते, शहरातून लोक रात्रभर पायी येतात आणि रस्ता भरून जातो. मारुतीही त्याच गावात आहे, निद्रिस्त मूर्ती आहे, दर्ग्यांनंतर तिथेही जाऊन या. गावात चहा-भजी मिळतात, नीट जेवण मात्र वेरूळच्या रस्त्यावर किंवा शहरात करा. मांसाहार चालत असेल तर शहरात परतल्यावर नान-खलिया खा. तुघलकाच्या फौजेबरोबर तो इकडे आला असं सांगतात. संध्याकाळी पाचनंतर परतीच्या गाड्या विरळ होतात, एसटीने आला असाल तर त्याआधी स्टँडवर या. तीन दर्गे, मलिक अंबर आणि मारुती इतकं नीट बघायला अर्धा दिवस लागतो. वेरूळ त्याच दिवशी उरकायचा आग्रह धरू नका.