"काई लागलं तं नाई ना?"

मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात समुपदेशक आहे. फवारणीची धास्ती आमच्या कापूसपट्ट्यात घरोघरी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले, ते इथं कोणी विसरलेलं नाही. म्हणून आमच्याकडे आलेल्या या वहिनी सारखे हात धुतात, याचं घरात कुणाला नवल वाटलं नव्हतं.

पण उन्हाळ्यात प्यायचं पाणीही हातांवर जाऊ लागलं. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून चिरल्या. सासूबाईंनी आधी बाहेरचं पाहिलं, मग दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी ओसीडीचं (नको ते विचार सतत मनात येऊन एकच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) निदान करून फ्लुओक्सेटिन या गोळ्या सुरू केल्या. गुण यायला दोन-तीन महिनेही लागतात, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. नाहीतर पंधरवड्यात गोळ्या बंद होतात.

जोडीला सराव. ज्याची भीती त्याला हात लावायचा आणि धुवायचं नाही. फवारणीच्या औषधाच्या डब्याला अर्थातच नाही. तिथला धोका खरा आहे, तिथं हातमोजे आणि साबण हवेतच. आम्ही निवडली घराच्या मागच्या दाराची कडी. घरातले सगळे दिवसभर तिला हात लावतात.

त्या दिवशी वहिनींनी कडी धरली, सोडली आणि ओसरीवर येऊन बसल्या. बोटं फाकवून हात अधांतरी. भीती शंभरपैकी किती? "नव्वद. मले समजते मॅडम, काई नाई लागलं. पन मन मानत नाई." मग नवऱ्याकडे वळल्या, "काई लागलं तं नाई ना?"

हा प्रश्न वहिनी रोज दिवसभर विचारायच्या. तो मायेनं "नाई" म्हणायचा, घटकाभर बरं वाटायचं, की पुन्हा तेच. ते "नाई"सुद्धा आजाराला खतपाणीच. हे सांगितलं तेव्हा तो भडकला होता, "बायको रडते अन् मी पाहत राहू?"

त्या दिवशी मात्र तो ठरल्याप्रमाणे बोलला, "याचं उत्तर मी देनार नाई. पन इथंच बसतो तुह्याजवळ." वहिनी रडल्या, त्याला नाही नाही ते बोलल्या. तो खाली मान घालून बसून राहिला, उठला नाही. माझ्या मते त्या दिवसाचं सगळ्यात अवघड काम त्यानं केलं.

पाऊण तासानं आकडा चाळीसवर आला. हात न धुता.

पुढचा सराव वहिनींनीच सुचवला: फवारणीचे कपडे वेगळे, हातमोजे घालून, पण एकदाच धुवायचे.