डिमीटरचे पेव आणि अमातेरासूचा बांध

ग्रीक आणि जपानी देवदेवतांच्या कथा आपल्यापर्यंत पोहोचतात त्या बहुधा पराक्रमाच्या किंवा प्रेमप्रकरणांच्या अंगाने. ग्रीक देवराज झ्यूसचे वज्र आणि आठ तोंडांचा सर्प मारणारा जपानी देव सुसानो एवढे बहुतेकांच्या कानावरून गेलेले असते. औसा-निलंग्याकडच्या कोरडवाहू शेतीत वाढलेल्या माझ्यासारख्याचे लक्ष मात्र वेगळ्याच जागी अडकते. या दोन्ही पुराणांतील फार मोठी अरिष्टे देवीच्या रुसण्याने ओढवतात आणि दोन्ही ठिकाणी त्या रुसण्याचा संबंध थेट शेताशी असतो.

डिमीटर ही ग्रीकांची धान्यदेवता. तिची मुलगी पर्सेफोनी फुले वेचत असताना पाताळाचा राजा हेडीस तिला रथात घालून पळवतो आणि तेही तिच्या बापाच्या, म्हणजे झ्यूसच्या, संमतीने. होमरच्या नावावर मोडणाऱ्या एका प्राचीन स्तोत्रात ही कथा विस्ताराने आली आहे. नऊ दिवस अन्नपाणी वर्ज्य करून आणि हातात मशाली घेऊन आई मुलीला शोधते, आणि पुढे म्हातारीच्या वेषात एल्युसिस गावातल्या विहिरीजवळ येऊन बसते. मग पृथ्वीवर असा दुष्काळ पडतो की बैल नांगर ओढून थकतात आणि पेरलेले जव मातीतच राहते. झ्यूस एकामागून एक देव मनधरणीला पाठवतो, पण ही बाई बधत नाही. माणसे उपाशी मरू लागली की देवांचे नैवेद्यही थांबणार, हे लक्षात आल्यावरच तो नमतो. स्तोत्राच्या रचनाकाराने सत्तेची नस अचूक ओळखली होती, असे मला वाटते. आईच्या अश्रूंनी झ्यूस हललेला नाही.

मुलगी परत येते, परंतु पाताळात तिने डाळिंबाचा दाणा खाल्लेला असल्यामुळे वर्षाचा एक तृतीयांश काळ तिला तिथेच काढावा लागतो. हा काळ हिवाळ्याचा, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते आणि ती वसंतातील फुलांबरोबर वर येते, असे स्तोत्रही म्हणते. तरीही काही अभ्यासकांनी वेगळा अर्थ मांडला आहे. ग्रीसमध्ये जव-गव्हाची काढणी उन्हाळ्याच्या तोंडावर होते आणि पेरणी शरद ऋतूत. मधल्या रखरखीत महिन्यांत शेते उघडी पडतात आणि बियाणे जमिनीखालच्या साठ्यात असते. पर्सेफोनीचे पाताळात जाणे म्हणजे हे बियाणे जमिनीखाली जाणे, असा तो अर्थ आहे. ज्याने गावातील पेव पाहिले आहे त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. गावठाणाच्या पांढरीत खोल खड्डा खणायचा, तळाला आणि कडेने कडब्याचे अस्तर द्यायचे, ज्वारी भरायची आणि तोंड दगडमातीने बंद करायचे. पेव उघडले की कोणी लगेच आत उतरत नसे. आधी दिवा सोडून पाहत. तो विझला तर आतली कोंडलेली हवा जीव घेणार, हे ठरलेले होते. ज्या खड्ड्यात माणूस दगावतो त्याच खड्ड्यात पुढच्या वर्षाचे अन्न आणि बियाणे असते. पाताळाचा राजा धान्याच्या मुलीचा नवरा का झाला, याचे याहून पटणारे उत्तर मला तरी सापडलेले नाही.

या श्रद्धेचे आयुष्यही मोठे होते. एल्युसिसमध्ये 1801 साली एका इंग्रज प्रवाशाने डिमीटरची समजल्या गेलेल्या दगडी स्त्रीमूर्तीचा एक प्रचंड भग्न भाग उचलून नेला, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला होता, कारण ती हलली तर पिके जातील, अशी त्यांची समजूत होती. ख्रिस्ती झालेल्या त्या गावात या मूर्तीभोवती शेणखताचा ढीग घातलेला असे. आज ती केंब्रिजच्या संग्रहालयात आहे.

जपानची कथा तर सरळ भाऊबंदकीची आहे. आद्य पिता देव इझानागी आपल्या तीन अपत्यांना वाटणी करून देतो: सूर्यदेवी अमातेरासूला स्वर्ग, चंद्रदेव त्सुकुयोमीला रात्र आणि सुसानोला समुद्र. सुसानोला ही वाटणी मान्य नाही. तो बहिणीच्या राज्यात येतो आणि तिच्या भातशेतीचे बांध फोडतो, पाण्याच्या चाऱ्या बुजवतो. इ.स. 712 मधील ‘कोजिकी’ या ग्रंथात यावर अमातेरासूची पहिली प्रतिक्रिया मुळातून वाचण्यासारखी आहे. बांधात आणि चारीत जमीन वाया जाते, असे वाटल्यामुळे माझ्या भावाने तसे केले असावे, असे म्हणून ती त्याला पाठीशी घालते. बांध कोरणाऱ्या भावाची बाजू इतक्या समजूतदारपणे घेणारी बहीण आमच्या तालुक्याच्या कोर्टात अजून उभी राहिलेली नाही. पुढे तो कातडे सोललेला घोडा तिच्या विणकामाच्या दालनात टाकतो, त्या धक्क्याने एक विणकरीण मरते आणि मग सूर्यदेवी गुहेत शिरून दगड लावून घेते. बांध फोडणे आणि चारी बुजवणे ही नुसती कथेतली खोडी नव्हती. 927 साली संकलित झालेल्या ‘एंगिशिकी’ या विधिनियमांच्या संग्रहातील महाशुद्धीच्या मंत्रात ती स्वर्गीय पापे म्हणून नोंदलेली आहेत.

अंधारलेल्या जगात ऐंशी लाख देव जमतात. कोंबडे आरवायला लावतात, झाडाला आरसा टांगतात, पण देवीला कुतूहल वाटते ते हशामुळे. उझुमे नावाची देवी पालथ्या पिंपावर पाय आपटत, वस्त्रांची पर्वा न करता नाचते आणि देव खदखदून हसू लागतात. अमातेरासू दगड किंचित सरकवून डोकावते आणि दबा धरून बसलेला बलदंड देव तिचा हात धरून तिला बाहेर ओढतो. तिकडे एल्युसिसमध्येही शोकाने गप्प बसलेल्या डिमीटरला हसवते ती इआंबे नावाची दासी, तिच्या थट्टेने. डिमीटरच्या पेरणीआधीच्या उत्सवात बायका मुद्दाम अश्लील बोलत. शिमग्याची बोंब ऐकलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये.

जपानी धान्याचा जन्म मात्र ओंगळ आहे. सुसानोने मारलेल्या अन्नदेवीच्या देहातून भात, राळ्यासारखे धान्य आणि गहू उगवतात, आणि सोयाबीन उगवते ते तिच्या बुडातून. लातूरच्या आडत बाजारात ही माहिती कोणी सांगू नये. ‘निहोन शोकी’ या 720 सालच्या ग्रंथातील एका पाठात हाच खून त्सुकुयोमीच्या हातून होतो. तिथे अमातेरासू ती बियाणी पाहून आनंदते, गहू आणि कडधान्ये कोरड्या रानासाठी आणि भात पाणथळ खाचरांसाठी ठरवून देते आणि पेरणी सुरू होण्यापूर्वी स्वर्गात गावाचा एक पाटील नेमते.