स्पीड कळला, लाईन तुटल्यावर कोण येणार ते सांगा

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं ऑनलाइन सेंटर आहे. शेताचे उतारे, सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे अर्ज, पेन्शनचे कागद, झेरॉक्स, रिचार्ज, असं दिवसभर चालू असतं. कुठल्याही कंपनीने घरच्या इंटरनेटचा नवा प्लॅन काढला की कंपनीचा पोरगा येऊन दाराला कागद चिकटवून जातो आणि उभ्या उभ्या सगळे तो वाचतात. लोक काय म्हणतात ते मला काउंटरवर बसून ऐकू येतं. आज त्यावरच लिहिते.

आमच्याकडे सैन्यातून निवृत्त झालेले पुष्कळ. त्यातले एक हवालदार काका कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "अक्का, वर ३९९ लिहिलंय, मग बिल ४७१ कसं आलं?" ३९९ वर १८ टक्के जीएसटी धरला की ४७० रुपये ८२ पैसे होतात. ४४९ चे ५२९ रुपये ८२ पैसे. हा फरक कागदावर खाली बारीक अक्षरात असतो. पेन्शनीतून महिन्याचा हिशेब लावणाऱ्या माणसाला सत्तर-ऐंशी रुपये कमी नाहीत, आणि त्याने विचारलंच पाहिजे.

दर उतरले हे मात्र खरं. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओ फायबर सुरू झालं तेव्हा सगळ्यात खालचा प्लॅन ६९९ चा होता. स्पीड १०० एमबीपीएस, पण महिन्याचा मूळ डेटा १०० जीबी. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, कारण गावातला केबलवाला याहून जास्त देत होता. वर्षभराने, ऑगस्ट २०२० च्या शेवटी, ३९९ मध्ये ३० एमबीपीएसचा प्लॅन आला आणि चित्र पालटलं. पाठोपाठ एअरटेलने ४९९ मध्ये ४० एमबीपीएस दिलं, बीएसएनएलने ४४९ मध्ये ३०. लॉकडाऊन होता, शाळा मोबाईलवर होत्या. पोरं रेंजसाठी माळावर जाऊन बसायची. तेव्हा ज्यांनी पहिल्यांदा घरात लाईन घेतली त्यांनी ती अजून सोडलेली नाही.

या प्लॅनांत महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. लोक त्या आकड्याला उगाच घाबरतात. दिवसाला ११० जीबी झाले. घरात दोन मोबाईल आणि एक टीव्ही असला तर त्याच्या जवळपासही कोणी पोचत नाही. वायरलेस लाईन घेणाऱ्यांनी मात्र मर्यादा बघून घ्यावी. २०२३ च्या गणेश चतुर्थीला जिओचं एअरफायबर आलं तेव्हा ५९९ च्या प्लॅनला १००० जीबी होते. आणि तीस एमबीपीएस म्हणजे सेकंदाला तीस एमबीची फाईल उतरणार असंही नाही. स्पीड बिटांत मोजतात आणि फाईल बाईटांत, आठ बिटांचा एक बाईट; म्हणून आठाने भागायचं, म्हणजे पावणेचार एमबी. हे मी रोज कोणाला तरी सांगते आणि रोज कोणाला तरी फसवल्यासारखं वाटतं.

पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारा एक पोरगा आहे गावात. तो डाऊनलोडकडे बघतच नाही, अपलोड किती तेवढंच विचारतो. त्याचं बरोबर आहे. मीही दिवसभर सरकारी पोर्टलवर फोटो आणि स्कॅन चढवत असते. उतरायचं झटकन आणि चढवायचं रखडत, अशा लाईनचा आम्हाला काय उपयोग? वर-खाली सारखाच स्पीड देणारा प्लॅन थोडा महाग पडला तरी घ्यावा, असं मी सांगते.

खरं सांगायचं तर आमच्याकडे या सगळ्याच्या आधी पाऊस येतो. इथली फायबर, म्हणजे इंटरनेटची काचेची केबल, जमिनीखालून फार कमी ठिकाणी जाते, ती हेस्कॉम या वीज कंपनीच्या खांबांवरून आणि झाडांतून ओढलेली. जून लागला की फांद्या पडायला सुरुवात. लाईन तुटली की घरातल्या डब्यावर लाल लाईट लागतो. सगळे त्याला लाल लाईटच म्हणतात: "अक्का, लाल लाईट लागलाय गा, कधी येणार माणूस?" मागच्या पावसात आमच्या सेंटरची लाईन अशीच गेली. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, मेसेज आला की चोवीस तासांत सुरू होईल. माणूस आला तोवर आठवडा उलटून गेला होता. बेळगावहून मशीन घेऊन एकटाच आलेला, बिचारा. त्याच्याकडे आणखी दहा गावं. खांबाजवळ स्टूल टाकून बसला आणि मी वर छत्री धरली. त्याने केबलची काळी साल सोलली, आतली केसाएवढी काच पुसून कापली, दोन्ही टोकं मशीनमध्ये ठेवली. छोट्या पडद्यावर ती समोरासमोर सरकली, एक ठिणगी, आणि जोड बसला. बाहीवर पडलेला काचेचा तुकडा त्याने चिकटपट्टीने उचलून डबीत टाकला, बोटात घुसला तर सापडत नाही म्हणाला. जोड बसायला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्या पाच मिनिटांसाठी आठवडाभर लोकांचे अर्ज अडकून पडले, आणि त्यात दोन बायकांची शेवटची तारीख निघून गेली. त्या दोघींचं मला अजून वाईट वाटतं.

स्पीड किती हवा यावर लोक तासभर बोलतात, दुरुस्तीबद्दल कोणी कंपनीला विचारत नाही. विचारायला आधार आहे. ट्रायने, म्हणजे फोन-इंटरनेट कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम २००६ सालीच केले; २०२४ मध्ये त्यांच्या जागी नवे आले. पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत नव्वद टक्क्यांहून जास्त बिघाड निघाले पाहिजेत आणि तीन कामाच्या दिवसांत नव्व्याण्णव टक्के, असं २००६ च्या नियमांत लिहिलं होतं. लाईन तीन कामाच्या दिवसांहून जास्त बंद राहिली तर सात दिवसांच्या भाड्याची सूट, सातांहून जास्त राहिली तर पंधरा दिवसांची, पंधरांच्या वर गेली तर महिन्याची, हेही त्यात होतं. गावात हे मी ज्यांना सांगितलं त्यांतल्या एकानेही आधी ऐकलं नव्हतं. दाराला चिकटवलेल्या कागदावर स्पीड आहे, फुकट ओटीटींची रांग आहे, दुरुस्तीला किती दिवस लागतील याची एक ओळ नाही.

भाषेचंही आहेच. हेल्पलाइनला फोन लावला की कन्नड, इंग्रजी, हिंदी. आपण कर्नाटकात आहोत, कन्नड पहिली असणार हे कबूल, आणि ती आम्हाला येतेही. पण सत्तरीची आजी, मुलगा पुण्यात, व्हिडिओ कॉलसाठी लाईन घेतलेली. ती "एक दाबा, दोन दाबा" ऐकून फोन ठेवून देते आणि माझ्याकडे चालत येते. तिची तक्रार मी नोंदवते. सीमाभागातल्या गिऱ्हाइकांसाठी मराठीचा एक पर्याय ठेवायला कंपन्यांना काय जड आहे?

आता सहा महिन्यांचे एकदम भरा, जोडणी फुकट, असं चालू आहे. ३९९ च्या प्लॅनचे सहा महिन्यांचे जीएसटी धरून २८२५ रुपये होतात. उसाचं बिल आलेल्या घरात तेवढे निघतात, दुधाच्या बिलावर चालणाऱ्या घरात निघत नाहीत. निघत असले तरी मी लोकांना सांगते, आधी एक पावसाळा महिन्या-महिन्याने भरून बघा. परवा हवालदार काकांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, "एकदम पैसे दिल्यावर आपलं कोण ऐकतंय? महिन्याचंच कर." मी ४७१ ची पावती केली. तक्रार करायची वेळ आली तर नंबर आणि तारीख लिहायला पावतीच्या मागे जागा ठेवायची, हे त्यांनीच मला सांगितलं.